सॅम्पल कसं आणलं, हे कुणी विचारलंच नाही

अन्याय सलीमवर झाला. सलीम माझा नवरा. गेल्या वर्षी बकरी ईदनंतर जो पहिला सोमवार आला त्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात, दार सताड उघडं असलेल्या केबिनमध्ये.

डॉक्टरांनी फोनवर बोलता बोलता रिपोर्टवर नजर टाकली. फोन ठेवला आणि म्हणाले, "सगळे मेलेले आहेत. एकही हलत नाही. यांच्याकडून काही होणार नाही. डोनरचं बघा."

सलीमनं विचारलं, "म्हणजे साहेब, दोष माझ्यातच हाय?"

"मग काय माझ्यात आहे?"

बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं ऐकून डॉक्टरही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. राग म्हणत नाही मी. राग येतो आणि उतरतो. किळस अंगाला चिकटून राहते.

मी रुबिना, जळकोटची. महिलांच्या एका संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, ग्रामसभेत उभी राहून माइक मागते आणि माइक दिला नाही तर तसंच बोलते. पत्रक लिहिताना आधी कुणावर, कधी आणि काय झालं ते सांगायचं असतं. ते सांगून झालं. आता बाकीचं सांगते. ज्यांच्या हातात आज ना उद्या असाच एक रिपोर्ट पडणार आहे, त्यांच्यासाठी सांगते.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तपासणी सुरू झाली ती अर्थात माझ्यापासून.

आधी रक्त तपासलं, मग सोनोग्राफी केली. दिवस मोजून परत सोनोग्राफी. मग एचएसजी. एचएसजी म्हणजे गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे. पिशवीच्या तोंडातून आत औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढं सरकतंय का याचे फोटो काढतात. माझ्या वेळी औषध आत गेलं तेव्हा ओटीपोटात असा पीळ बसला की मी ओरडले. सगळ्यांना इतकं दुखतं असं नाही, पण मला दुखलं. नर्सबाई म्हणाल्या, "एवढं ओरडायला काय झालं? मूल पाहिजे ना?"

जणू मूल मागणं हा गुन्हा होता आणि ही त्याची सजा.

माझं सगळं नीट निघालं. मी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "यांची तपासणी कधी करायची?" त्या म्हणाल्या, "आधी लेडीजचं क्लिअर होऊ द्या." मी म्हणाले, "झालं की क्लिअर." त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहिली. माझ्याच नावानं.

पुरुषाच्या तपासणीत ना सुई आहे ना भूल. टेबलावर पाय वर करून झोपायचं नाही, की कुणी आत हात घालायचा नाही. तरी ती सगळ्यात शेवटी. का, तर बाईला झोप म्हटलं की ती झोपते. तिला सवय लावलेली असते. पुरुषाला नुसतं "तुमची पण एकदा बघू" म्हणायला डॉक्टरची जीभ अडखळते, कारण तो उठून जाईल आणि गिऱ्हाईक तुटेल.

घरातही तेच होतं. माझी सासू, अम्मी, वाईट बाई नाही. पण तिची बहीण, म्हणजे सलीमची खाला, अणदूरहून आली की घरात तपासणी अधिकारी आल्यासारखं व्हायचं. नणंदेच्या सातव्या महिन्याच्या कार्यक्रमात ओटीत फळं घालायला मी पुढं झाले, तर खालानं सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं. "तू नक्को बेटा. तू उधर बैठ." आवाज एकदम गोड. त्याच दिवशी स्वयंपाकघरात ती अम्मीला सांगत होती, "लडका जवान है. कब तक रुकते? दूसरी करो." अम्मी कांदा चिरत राहिली.

सलीमनं ते ऐकलं. बाहेर येऊन म्हणाला, "खाला, दुसरी करायच्या आधी माझी तरी तपासणी करू द्या की." घरात असं आजवर कुणी बोललं नव्हतं. खालानं कानाला हात लावले. माझ्या नवऱ्याचा मला अभिमान वाटला, तो आजही आहे.

सीमेन अॅनालिसिस म्हणजे वीर्यतपासणी. त्यासाठी आम्ही धाराशिवला गेलो. दवाखान्याच्या तळमजल्यावरच लॅब होती. खिडकीतल्या माणसानं प्लास्टिकची छोटी डबी पुढं सरकवली. "जावा, टॉयलेटात जावा. सॅम्पल घेऊन या."

ते टॉयलेट मी नंतर स्वतः जाऊन बघितलं, म्हणून लिहू शकते. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी सुतळीचा तुकडा होता, तो आतून धरून ठेवायचा. कोपऱ्यात पिंकांचे थर, वाळलेले, त्यावर ओले. फुटका मग. लघवीची डबी घेऊन उभ्या असलेल्या लोकांची रांग त्याच दाराशी, आणि त्यातला एक जण दारावर थाप मारतोय, "ओ भाऊ, झालं का? किती येळ!"

आणि त्या तिथं, एका हातात सुतळी धरून, माझ्या नवऱ्यानं वंशाची परीक्षा द्यायची.

सलीम रिकामी डबी घेऊन बाहेर आला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. खिडकीतला म्हणाला, "काय ओ, जमलं न्हाय? बायकोला न्यायचं ना संगं." मागची दोन पोरं खिदळली. मी म्हणाले, "तुमच्या घरच्यांना पाठवाल का ह्या घाणीत?" तो एकदम कामापुरतं बोलायला लागला. "म्याडम, आमच्याकडं येवढीच सोय हाय. घरून आणा उद्या."

घरून आणा उद्या. एवढीच सूचना. किती दिवसांचा संयम पाळायचा, कसं धरायचं, कशात ठेवायचं, किती वेळात पोचवायचं, यातलं एक अक्षरही नाही. धाराशिवहून जळकोट म्हणजे तुळजापूरला एसटी बदलायची, मग नळदुर्ग, मग आम्ही. कुठनं आलात, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.

आता पुढं काय झालं ते नीट वाचा. हे वाचून कुणाला हसू येईल. हसा, पण पुरतं वाचून.

सलीमच्या आठ म्हशी आहेत आणि गावातलं दूध संकलनही तोच बघतो. म्हैस माजावर आली की भरवायला सरकारी दवाखान्यातून माणूस येतो. त्याच्याकडं एक मोठं भांडं असतं, झाकण काढलं की पांढरी वाफ येते. त्यातनं तो वीर्याची बारीक कांडी काढतो. ती कांडी कुठल्या कुठल्या रेड्याची, किती महिन्यांपूर्वीची, पण अजून जिवंत. सलीमनं हे लहानपणापासून बघितलेलं. त्यात दुधाचा धंदा. उन्हात दूध नासतं आणि बर्फात टिकतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "येवढं लांब जायचं, ऊन हाय. बर्फात ठिवू. रेड्याचं सालभर जगतं, माझं दोन तास जगंल की."

मला ते पटलं. जळकोटात कुणालाही पटलं असतं. ज्याच्या दारात म्हैस आहे त्याला वीर्य म्हटलं की थंडी आठवते.

दूध संकलनातला बर्फ फोडला, थर्मासमध्ये भरला, डबी त्यात रोवली आणि झाकण घट्ट लावलं. एसटीत मी खिडकीशी, थर्मास माझ्या मांडीवर. कंडक्टर ओळखीचा. "काय भाभी, आइस्क्रीम चाललं का म्हायेरला?" सलीम म्हणाला, "औषध हाय मामा, हलवू नका." तुळजापूरच्या स्टँडवर गाडी लागायला उशीर झाला, तेव्हा सलीमनं रसवंतीवाल्याकडून आणखी बर्फ मागून आणला. लेकराला जपावं तसं जपलं त्यानं ते.

लॅबच्या खिडकीत त्याच माणसानं डबी घेतली. थंडगार होती. बाहेरून पाणी सुटलेलं होतं. त्यानं ती पँटीला पुसली, वर चिठ्ठी चिकटवली आणि मागं ठेवून दिली. हाताला गार लागलं असणारच. विचारलं नाही.

रिपोर्ट घ्यायला सोमवारी गेलो, तेव्हा जे झालं ते वर सांगितलंच आहे. व्हॉल्यूम ठीक, काउंट ठीक, मोटिलिटी शून्य. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

केबिनच्या बाहेर बाकावर अणदूरच्या एक बाई बसल्या होत्या. खालाच्या शेजारी राहणाऱ्या. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. जे दार लोटायला एक पाऊल टाकावं लागतं, ते त्या डॉक्टरांनी टाकलं नाही, म्हणून माझ्या नवऱ्याचं खासगी दुखणं दोन गावांचं झालं.

दूध घालायला येणारे लोक आधी कुजबुजले, मग उघड बोलायला लागले. दुधाची फॅट मोजायचं मशीन असतं, त्यावरून. "काय सलीमभाई, तुमच्याच मालाला फॅट लागंना म्हणं?" दुसरा म्हणायचा, "आरं त्याचं मशीनच बंद हाय, फॅट कुठली?" ही माणसं लहानपणापासून त्याच्या ताटात जेवलेली. सलीम आधी हसून घ्यायचा. मग त्यानं संकलनाला जाणंच सोडलं. तंबाखू वाढली, जेवण कमी झालं.

खालाचा तर सूरच बदलला. माझं मनगट धरणारी बाई आता माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. "नसीब, बेटा." लेकात दोष निघाला म्हणून सुनेची माफी कुणी मागितली का? नाही. फक्त बोट वळलं. आधी माझ्याकडं होतं, आता त्याच्याकडं. बोट दाखवणं थांबलं नाही.

आणि मग ती गिधाडं आली. तुम्हीही बघता त्यांना रोज. हायवेच्या पुलाखाली, मुतारीच्या भिंतीवर, एसटीच्या सीटच्या मागं: मर्दानी ताकद, गुप्त इलाज, खात्रीशीर. सलीम एका तंबूवाल्याकडून काळी भुकटी घेऊन आला. मी ती उकिरड्यात टाकली. मग नळदुर्गचा एक जण "ताकदीचं इंजेक्शन" देतो म्हणून घरी निरोप आला. सलीमला मी जाऊ दिलं नाही. ते इंजेक्शन कशाचं असतं ते मला पुढं कळलं. त्यात बहुतेकदा टेस्टोस्टेरॉन असतं, पुरुषाचं संप्रेरक. ते बाहेरून भरलं की शरीराला वाटतं, आहे की भरपूर, आणि आतलं शुक्राणू बनवणं बंद पडतं. म्हणजे मूल व्हावं म्हणून टोचून घ्यायचं आणि होती ती शक्यताही घालवायची. ही असली माणसं भिंती रंगवून उजळ माथ्यानं फिरतात. थुंकावंसं वाटतं, पण भिंतीवर आधीच जागा नाही.

एका सकाळी गोठ्यात धार काढता काढता सलीम म्हणाला, "तुझ्या भावाला फोन लावला मी काल."

"कशाला?"

"घेऊन जा म्हणलं. तू जवान हायस. माझ्यापायी तुझी जिंदगी कायकू खराब? मी तलाक देतो, तू दुसरं कर."

"मला इचारलंस?"

"तुला इचारलं तर तू भाषण करशील."

"करीनच. ऐक." बादली बाजूला ठेवायला लावली मी त्याला. "त्या माणसानं फोनवर बोलता बोलता तुझा निकाल लावला. तुझ्या तोंडाकडं बघितलं पण न्हाय. त्याच्या एका वाक्यावर माझा संसार मोडणार व्हय तू? तपासणी परत होणार. दुसरीकडं. त्यात पण हेच आलं तर मग बोलू, आणि तवा पण मी जाणार न्हाय ती न्हायच."

"परत त्या संडासात?"

हे तो इतक्या हळू बोलला की म्हशीच्या रवंथाचा आवाज त्याहून मोठा होता. तेव्हा मला कळलं, रिपोर्टनं तो मोडलेला नव्हता. तो त्या सुतळीच्या दाराआड मोडला होता.

दुपारी माझा भाऊ गाडी घेऊन हजर. तोंड असं की मयतीला आलाय. अम्मीनं चहा टाकला आणि पदर तोंडाला लावून बसली. भाऊ मला म्हणाला, "कपडे भर, आपा."

मी म्हणाले, "भरते. तिघं चाललोय. गाडी सोलापूरला घे."

अम्मी उठली. सलीमच्या खांद्यावर तिनं टॉवेल ठेवला आणि म्हणाली, "जा. बहू बोलती सो सुन." माझ्या बाजूनं बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

सोलापूरचे डॉक्टर वयानं मोठे, आवाज बारीक. आम्ही आत गेलो तसे ते उठले आणि त्यांनी स्वतः दार लावलं. मला वाटतं, सलीम तिथंच अर्धा बरा झाला.

आधी त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारत गेले. तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का? लहानपणी गालगुंड? हर्नियाचं ऑपरेशन? तंबाखू किती? भट्टीजवळ, बॉयलरजवळ काम? कुठली इंजेक्शनं, भुकट्या? त्या तपासणीआधी किती दिवस संबंध नव्हता? सलीम शाळेत उत्तरं द्यावीत तसा देत होता.

मग ते म्हणाले, "सॅम्पल कसं दिलंत?"

सलीम जरा ताठ बसला. या प्रश्नाचं उत्तर त्याला चांगलं येत होतं. "घरनं नेलं साहेब. थर्मासमध्ये, बर्फात. तुळजापुरात बर्फ बदलला. एक थेंब सांडू दिला न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बर्फात?"

सलीमनं रेड्याच्या कांडीचं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तुमचा विचार चुकीचा नाही, अर्धा आहे. त्या कांडीत नुसतं वीर्य नसतं. गारठ्यापासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ठरलेल्या वेगानं ते गोठवतात. ताजं वीर्य नुसतं बर्फात ठेवलं तर शुक्राणूंना गारठ्याचा धक्का बसतो. ते हलायचे थांबतात, मरतातही. अंगाच्या उबेला ठेवायचं असतं आणि तासाच्या आत पोचवायचं असतं. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ज्यानं डबी दिली त्यानं सांगायला हवं होतं. ज्यानं घेतली त्यानं विचारायला हवं होतं."

सलीमनं विचारलं, "साहेब, म्हणजे घरनं निघाले तवा जिते होते?"

"त्या रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. असण्याची शक्यता बरीच आहे."

सलीमनं टॉवेल तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत राहिले. मला रडायचं नव्हतं. मला धाराशिवला जाऊन ती खिडकी फोडायची होती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. न हलणं आणि मेलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटिलिटी म्हणजे हालचाल, व्हायटॅलिटी म्हणजे जिवंतपणा. हालचाल फारच कमी दिसली तर जिवंतपणाची वेगळी चाचणी करतात. आमच्या रिपोर्टात ती केलेलीच नव्हती. "सगळे मेलेले आहेत" हे वाक्य म्हणजे धाराशिवच्या डॉक्टरांची थाप होती, आणि आम्ही ते उशाशी घेऊन झोपत होतो.

काही दिवसांनी परत बोलावलं. मधे दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. तपासणीच्या खोलीला कडी होती. आत नळ, साबण, स्वच्छ खुर्ची. हात धुऊन कोरडे करायचे, तेल किंवा थुंकी वापरायची नाही, साधा निरोध वापरायचा नाही. पहिला थेंबसुद्धा सांडला तर सांगायचं, कारण पहिल्या भागातच शुक्राणू जास्त असतात. हे सगळं एका माणसानं सलीमला बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगितलं. यात काय अवघड होतं सांगा?

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी एकेक ओळ बोट ठेवून सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण हा कागद हातात आला की माणूस आकड्यांनीच घाबरतो.

व्हॉल्यूम म्हणजे एकूण किती. साधारण दीड मिली असलं तरी चालतं, वाटीभर लागत नाही. लिक्विफॅक्शन म्हणजे घट्ट असलेलं वीर्य पातळ होणं; ते तासाभरात व्हायला हवं. काउंट म्हणजे एका मिलीत शुक्राणू किती. दीड-पावणेदोन कोटीच्या पुढं असले तर ठीक धरतात. मोटिलिटी, म्हणजे शंभरातले किती हलतात. चाळीसच्या थोडं वर असले तरी पुरे. मॉर्फोलॉजी म्हणजे आकार. इथं सगळे दचकतात, कारण शंभरातले चार नीट आकाराचे असले तरी ते नॉर्मल असतं. चार वाचून रडू नका.

आणि हे आकडे म्हणजे पास-नापास नाहीत. खाली असणाऱ्यांनाही मुलं होतात, वर असणाऱ्यांनाही अडचण येते. एका रिपोर्टवर कुणाचाही निकाल लावायचा नसतो. काही आठवड्यांनी परत तपासायचं असतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आज तंबाखू सोडली तर फरक उद्या दिसत नाही. मुलं न होण्यात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे सांगून डॉक्टर म्हणाले, "म्हणून आम्ही दोघांना एकाच दिवशी बोलावतो."

एकाच दिवशी! आणि माझ्या एकटीच्या अंगावर इतके दिवस नुसतं खोदकाम चाललं होतं.

सलीमची मोटिलिटी कमी आली. शून्य नाही. कमी. काउंट काठावर. अंडकोशाजवळच्या शिरा फुगलेल्या आहेत, त्याला व्हॅरिकोसील म्हणतात. त्याचं काय करायचं ते पुढच्या तपासणीनंतर ठरणार. तंबाखू सोडली आहे. एकदा सुटून परत लागली होती, परत सोडली आहे. मूल अजून नाही. होईल का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनीही खोटं आश्वासन दिलेलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दार लावण्याबद्दल तर जन्माची.

जळकोटात दूध संकलन परत सुरू झालं. पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, "काय सलीमभाई, लागली का फॅट?" सलीम म्हणाला, "लागली थोडी. तुझी तपासलीस का कवा?" त्या माणसानं किटली उचलली आणि तो निघाला. दोन आठवड्यांनी तोच माणूस आमच्या गोठ्यामागं येऊन हळूच विचारत होता, "सोलापूरला कुठनं जायचं, भाई?" त्याच्या बायकोचं एचएसजी झालेलं. दोनदा.

धाराशिवच्या त्या दवाखान्यात मी संघटनेच्या बायका घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "पेशंटनं बर्फ आणला तर आम्ही काय करणार?" मी म्हणाले, "विचारणार." ते म्हणाले, "गर्दी किती असते बघा." गर्दी दिसत होती. बाकावर सगळ्या बायका होत्या, हातात फायली. त्यांचे नवरे खाली टपरीवर. सुतळी अजून तिथंच होती. तक्रार वर दिली आहे आणि मी ती सोडणार नाही. पण ते माझं काम. तुमचं वेगळं आहे.

भाऊ, तू हे वाचतोयस. लग्नाला वर्ष होऊन गेलंय, घरात बायकोला दाखवायच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि तू मान खाली घालून जेवतोयस. उठ. आईला सांग, बहिणीला सांग, बायकोला सांग की पहिला नंबर माझा. कडी असलेली खोली माग. संयम किती दिवस आणि नमुना कसा द्यायचा ते विचार, आणि सांगेपर्यंत खिडकीतून हलू नकोस. आठवडा संपायच्या आत जा. तिला कुणी त्या टेबलावर झोपवायच्या आधी जा.